धावपट्टी आणि विमान

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये अलायन्स एअरची मुंबई सेवा सुरू झाली. तेव्हा 'मग वर्ध्याला केव्हा?' असा प्रश्न शेजारच्या जिल्ह्यातील सुशिक्षितांच्या मनात आला असल्यास नवल नाही. ही आकांक्षा गैर नव्हे. परंतु धावपट्टी मिळणे निराळे आणि तिच्यावर नित्यनेमाने विमान उतरणे निराळे.

हा भेद विदर्भाने गोंदियात पाहिला आहे. मार्च २०२२ मध्ये फ्लायबिग या छोट्या कंपनीने बिरसी विमानतळावरून इंदूर व हैदराबादसाठी सेवा सुरू केली आणि काही महिन्यांतच ती बंद पडली. नियमित प्रवासी सेवा परतली ती डिसेंबर २०२३ मध्ये, इंडिगोसारखी बलाढ्य कंपनी आल्यावर. नांदेडला एप्रिल २०१७ मध्ये उतरलेल्या ट्रूजेटचे पंख २०२२ च्या प्रारंभी कायमचे मिटले.

याचा सारा दोष कंपन्यांच्या माथी मारणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. अशा कंपनीपाशी भाडेपट्ट्याने घेतलेली मोजकी विमाने असतात. एक दुरुस्तीस गेले की अनेक गावांचे वेळापत्रक कोलमडते. विमानाचे भाडे डॉलरमध्ये, मिळकत रुपयांत. चार्टर विमानाचे तसे नसते. ते घेणारा सबंध विमानाचे पैसे मोजतो, आसने रिती राहिली तरी मालकाला तोशीस नाही. (निवडणुकीच्या दिवसांत भाड्याची हेलिकॉप्टरे आडगावीही कशी अवतरतात, याचे रहस्य हेच!) नियमित सेवेला मात्र रोज नवे प्रवासी शोधावे लागतात, आणि तेही स्वस्त दरात.

ही तूट भरून काढण्यासाठीच केंद्राने २०१६ मध्ये 'उडान' योजना आखली. काही आसनांच्या दरावर मर्यादा आणि त्याबद्दल कंपनीला तीन वर्षे अनुदान. हा पैसा मुख्यतः मोठ्या मार्गांवरील उड्डाणांच्या आकारणीतून, म्हणजे अखेर प्रवाशाच्याच खिशातून येतो. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार मंजूर ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली आणि त्यानंतरही चालू राहिले अवघे ५४. म्हणजे शंभरांतले सात. १९८१ मध्ये छोट्या गावांसाठीच स्थापन झालेली सरकारी 'वायुदूत' १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करावी लागली होती. तो धडा ताजा असताना तीन वर्षांत मार्ग स्वावलंबी होईल हे गृहीत कोणी धरले?

उद्घाटनाची कोनशिला बसली की शासनाची जबाबदारी संपते, हा समज प्रथम सोडला पाहिजे. जेथे विमान खरोखर निकडीचे आहे तेथे अनुदान अधिक काळ द्यावे. जेथे नाही तेथे धावपट्टीचा हव्यास धरू नये. वर्धा दुसऱ्या प्रकारात मोडते. नागपूरचे सोनेगाव विमानतळ वर्ध्यापासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे आणि वर्धा हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. पहाटेचे विमान गाठू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला वा सेवाग्रामच्या रुग्णालयात आप्ताला भेटण्यास रात्री उतरलेल्या नोकरदाराला टॅक्सीचे भाडेच जड जाते. विमानांच्या वेळा धरून धावणारी थेट एस.टी. बस ही वर्ध्याच्या लोकप्रतिनिधींची पहिली मागणी असावी. तिला ना भूसंपादन लागते, ना कोनशिला.