गोगचे रणगाडे आणि काकांची विहीर

सध्या राजस्थानात आहे. परवा रेंज मिळाली आणि नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीच्या ग्रुपवरचा निरोप उघडला. युक्रेनमधला जळता रणगाडा, खाली यहेज्केल ३८ आणि एक ओळ: गोग निघाला, तयार राहा. त्यावर टाळ्यांच्या खुणा. मी रणगाड्यांच्या रेजिमेंटचा माणूस. तसल्या रणगाड्यात तिघं बसतात. टाळ्या नेमक्या कशाला?

म्हणून आज घरच्यांशीच भांडतो.

प्रवचनात सांगतात, रोश म्हणजे रशिया, मेशेख म्हणजे मॉस्को, तुबाल म्हणजे तोबोल्स्क. १९०९ साली निघालेल्या स्कोफील्डच्या बायबलमधल्या टिपांनी हा अर्थ जगभर नेला. पण हिब्रूत 'रोश' म्हणजे डोकं, प्रमुख. मेशेख आणि तुबाल हे आजच्या तुर्कस्तानातले लोक. अश्शूरी लेखांत ते मुश्की आणि ताबाल म्हणून येतात. मॉस्कोचा पहिला उल्लेख ११४७ सालचा, तोबोल्स्क वसलं १५८७ साली. यहेज्केल बाबेलातल्या बंदिवानांशी बोलत होता, तो इ.स.पू. सहाव्या शतकात.

शत्रू उत्तरेकडून येईल म्हणून तो रशियाच, असंही म्हणतात. नकाशा उघडा. यरुशलेमच्या पूर्वेला वाळवंट आहे. घोडे घेऊन निघालेल्या फौजेला पाणी लागतं, म्हणून अश्शूर आणि बाबेलच्या फौजा फरात नदीच्या वाटेने वर जाऊन उत्तरेकडूनच खाली उतरायच्या. थरमध्ये पाण्याचे टँकर मोजणाऱ्या कुठल्याही सुभेदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही.

चौथ्या शतकात अँब्रोजला गोग म्हणजे गॉथ वाटले, सोळाव्या शतकात ल्यूथरला तुर्क, शीतयुद्धात सोव्हिएत संघ. शत्रू बदलला की गोग बदलतो. अकादमीत आम्ही आधी निष्कर्ष ठरवून मग त्यात माहिती कोंबली, की वहीवर लाल शेरा यायचा. इथे 'आमेन' मिळतं.

हे निरुपद्रवी आहे असं म्हणू नका. १९९१ च्या आखाती युद्धात मी बारा वर्षांचा होतो. एका प्रचारकाने गावात सांगितलं, इराक म्हणजे बाबेल, शेवट सुरू झाला. काकांनी तीस फुटांवर विहिरीचं काम थांबवलं. म्हणाले, आता पाणी कुणासाठी? पुढच्या दुष्काळात दोन एकर विकावं लागलं. प्रचारक पुढच्या गावाला गेला. मंडळीत कुणी चूक कबूल केली नाही.

मला सांगतात, शास्त्रावर शंका घेऊ नकोस. मी शास्त्रावर घेत नाही, अर्थ लावणाऱ्यावर घेतो. प्रभू परत येणार यावर माझा विश्वास आहे. पण मार्क १३ मध्ये तोच म्हणतो की ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही. पहाऱ्यावरच्या जवानाला हल्ल्याची वेळ कुणी सांगत नाही, म्हणूनच तो जागा राहतो. आणि त्याच बाबेलातल्या बंदिवानांना यिर्मयाने लिहिलं होतं की घरं बांधा, बागा लावा, त्या शहराचं भलं पाहा. हा हुकूम मला स्वच्छ वाचता येतो.

पाळकसाहेब, पुढचा असा फोटो आला तर त्या तिघांसाठी प्रार्थना सांगा, ते कुठल्याही बाजूचे असोत. नाताळात सुट्टीवर येतोय. चुलतभावाशी बोलणं झालंय, विहीर पुढे खोदायची आहे. तुम्हीही या.

सलाम.