ऊतकपेढी : संमती द्यावी, पण समजून



रक्तपेढी व नेत्रपेढी ही नावे आता आपल्या परिचयाची आहेत. ऊतकपेढी हे नाव मात्र पुष्कळांना नवीन वाटेल. शस्त्रक्रियेने काढलेल्या कर्करोगाच्या गाठीचा लहानसा तुकडा संशोधनासाठी जपून ठेवण्याची जागा म्हणजे ही पेढी. मुंबईला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशी पेढी आहे. तेथे ऑपरेशनच्या आधी संमतीचा कागद पुढे आला की घरची माणसे गोंधळतात. म्हणून आज हा विषय घेत आहोत.

काढलेली गाठ प्रथम रोगनिदानासाठी तपासतात. त्यास लागेल तेवढा भाग राखून उरलेल्यातून पेढीला तुकडा मिळतो. तो लवकर खराब होतो, म्हणून ताबडतोब गोठवावा लागतो. कृत्रिम रेतनासाठी वळूचे वीर्य ज्या द्रवरूप नायट्रोजनच्या भांड्यात ठेवतात, तोच उणे १९६ अंशांचा नायट्रोजन येथेही वापरतात. तो सतत उडून जातो व वेळेवर भरावा लागतो. तुकड्यावर नावाऐवजी क्रमांक असतो. रुग्णाचे वय, उपचार व पुढे काय झाले याची नोंद त्या क्रमांकाखाली ठेवतात. पोत्यावर वाणाचे नाव नसेल तर बियाणे पेरणीच्या कामाचे नाही. नोंदीविना तुकड्याचेही तसेच.

याचा उपयोग काय? अमेरिकेत डॉ. डेनिस स्लेमन व सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या १८९ गाठींचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला. सुमारे ३० टक्के गाठींत हर-टू या जनुकाच्या प्रती वाजवीपेक्षा जास्त होत्या, आणि अशा स्त्रियांचा रोग लवकर उलटत होता. या ज्ञानावर उभे राहिलेले ट्रॅस्टुझुमॅब हे औषध १९९८ साली तेथे मंजूर झाले. आपल्याकडे तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग फार आहे. त्यावरचे संशोधन आपल्याच रुग्णांच्या गाठींवाचून कसे व्हावे?

मात्र न विचारता घेणे हा अन्याय आहे. तंबाखूच्या शेतात राबलेल्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीचा तुकडा १९५१ साली बाल्टिमोर येथे तिला न विचारता संशोधनाला देण्यात आला. त्या पेशी आजही प्रयोगशाळांत वाढत आहेत. घरच्यांना मात्र वीसहून अधिक वर्षे पत्ताच नव्हता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनासाठी संमती रुग्णाला समजेल अशा भाषेत घ्यावी लागते. नकार दिल्याने उपचारात फरक पडता कामा नये, आणि दिलेली संमती मागेही घेता येते.

गाठ पेढीत राहिली तर पुनरुत्थानाच्या वेळी देह अपुरा राहील काय, अशी शंका कोणाच्या मनात येईल. काढलेली गाठ एरवी रुग्णालयाच्या नियमाने जाळूनच टाकतात. देवाचे सामर्थ्य अशा तुकड्यावर अवलंबून नाही.

आमच्या मते संमती द्यावी. परंतु सही करण्यापूर्वी विचारा : निदानानंतर उरलेलेच घेणार ना? नाव गुप्त राहील ना? नाही म्हटले तर उपचार तसेच चालतील ना? वाचता येत नसेल तर जाणते माणूस बरोबर न्या. रुग्णालयांनीही हा कागद ऑपरेशनच्या सकाळी घाईने पुढे करू नये. आदल्या दिवशी मराठीत वाचून दाखवावा.

या दानाचे पैसे मिळत नाहीत, आणि लाभही बहुधा देणाऱ्याला होत नाही; तो पुढे कधीतरी दुसऱ्या रुग्णाला होतो. हे घरी आधीच बोलून ठेवावे.