विश्लेषण : कोणते शिरूर? बातमीमागच्या न दिसणाऱ्या रकान्यांची गोष्ट

जुलै २०२४ मध्ये शिरूरला दरड कोसळली. उत्तर कन्नड जिल्हा, अंकोला तालुका, राष्ट्रीय महामार्ग ६६. माणसे दगावली, बेपत्ता झालेल्यांचा शोध सप्टेंबरपर्यंत चालला. बातमी पसरली त्या दिवशी मला घोडनदीहून मावशीचा फोन आला. "अरे, शिरूरला दरड कोसळली म्हणं. लोकं अडकलीत. आपल्याकडं डोंगर तरी कुठाय?" तिच्या मोबाइलवर एका अॅपचे नोटिफिकेशन आले होते आणि त्यात फक्त 'शिरूर' एवढेच होते. अॅपमध्ये तिने जिल्हा निवडला होता पुणे. मावसभाऊ तेव्हा गाडी घेऊन नगर रस्त्यावर होता, त्यामुळे डोंगर नाही हे माहीत असूनही तिने आधी त्याला फोन लावला आणि मग मला.

बातमी चुकीची नव्हती. शब्दन् शब्द खरा होता. चूक होती ती बातमीच्या मागे असलेल्या एका रकान्यात, जो वाचकाला कधी दिसत नाही. अशा रकान्यांना मेटाडेटा म्हणतात. ते भरणे हे कारकुनी काम नाही, ती पत्रकारिताच आहे, असे माझे मत आहे. डिजिटल डेस्कवर ते बहुतेक वेळा शेवटच्या मिनिटाला, 'पब्लिश'च्या बटणाआधी उरकले जाते.

छापील पेपरात हा प्रश्न फारसा नव्हता. 'शिरूर, ता. १२ :' अशी सुरुवात असायची, म्हणजे स्थळ आणि तारीख बातमीच्या कपाळावरच. वर पानाचे नाव, आवृत्तीचे नाव, वार, दिनांक. पुणे ग्रामीणच्या पानावर शिरूर म्हटले की घोडनदीकाठचे शिरूर, वेगळे सांगायची गरज नाही. मोबाइलवर मात्र बातमी पानातून फाडून एकटीच येते. कधी अॅपमधून, कधी गूगलवरून, बहुतेकदा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरून. पान जे सांगत होते ते आता बातमीने स्वतःच सांगायला हवे.

हेडलेस म्हणजे नेमके काय?

बातम्या जिथे लिहिल्या, तपासल्या आणि साठवल्या जातात त्या यंत्रणेला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे सीएमएस म्हणतात. जुन्या पद्धतीत मजकूर आणि त्याचे दिसणे एकाच यंत्रणेत बांधलेले असते. लिहिले ते त्याच वेबसाइटच्या पानावर, त्याच साच्यात. हेडलेसमध्ये हे 'डोके', म्हणजे वाचकाला दिसणारा भाग, कापून वेगळा केलेला असतो. (आमच्या डेस्कवर याचे भाषांतर 'बिनडोक सीएमएस' असे झाले आहे, आणि काही दिवस ते शोभतेही.) मागे फक्त साठा राहतो. वेबसाइट, अॅप, नोटिफिकेशन, टीव्हीवरची पट्टी, जे कोणी मागेल त्याला एपीआय नावाच्या दारातून तो हवा तो भाग देतो.

दौंड जंक्शन डोळ्यांसमोर आणा. पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चार दिशा तिथे फुटतात. मालगाडीच्या डब्यात काय आहे हे उघडून कोणी बघत नाही; डब्याचा क्रमांक आणि कागद बघून तो कुठे जायचा हे ठरते. हेडलेस सीएमएसमध्ये बातमी म्हणजे डबा आणि मेटाडेटा म्हणजे ते कागद. कागद चुकला तर डबा चुकीच्या गावाला जातो.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या एनपीआर या रेडिओ संस्थेने 'एकदा लिहा, सगळीकडे प्रसिद्ध करा' हे धोरण २००९ च्या सुमारास मांडले. ब्रिटनच्या गार्डियनने त्याच वर्षी आपला साठा एपीआयद्वारे खुला केला. आपल्याकडे अनेक छोटी पोर्टल ज्या वर्डप्रेसवर चालतात, त्यातही डिसेंबर २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून मजकूर एपीआयने बाहेर देता येतो. म्हणजे तालुक्याच्या पोर्टललाही हे जमण्यासारखे आहे. मसुदा, मंजुरी, वेळ लावून प्रसिद्धी, प्रत्येक बदलाची जुनी प्रत जपणे या बाकीच्या सोयी जवळपास सगळीकडे असतात. त्यांवर इथे वेळ घालवत नाही.

फायदा उघड आहे, पण तोच धोकाही आहे. पूर्वी एका पानावर चूक व्हायची. आता एक रकाना चुकला की चूक एकाच क्षणी सगळीकडे पोचते.

एका नावाची चार गावे

पुणे जिल्ह्यातले शिरूर, बीडचे शिरूर कासार, लातूरचे शिरूर अनंतपाळ आणि कर्नाटकातले ते शिरूर. एवढ्यावर भागत नाही. पुण्याचे 'शिरूर' म्हणजे शहर, तालुका, विधानसभा मतदारसंघ की लोकसभा मतदारसंघ? शिरूर लोकसभा जुन्नरपासून हडपसर-भोसरीपर्यंत पसरली आहे. शेजारचा दौंड तालुका मात्र बारामती लोकसभेत. शिरूर तालुक्यातली काही गावे विधानसभेला आंबेगावात मतदान करतात. निवडणुकीच्या दिवशी 'शिरूर' एवढाच टॅग लावला, तर हडपसरच्या मतदाराला घोडनदीच्या नगरपरिषदेची बातमी मिळते आणि घोडनदीकराला हडपसरच्या कचऱ्याची.

रांजणगावचे तर विचारूच नका. एकट्या शिरूर तालुक्यात रांजणगाव गणपती आहे आणि रांजणगाव सांडसही. तिकडे छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात रांजणगाव शेणपुंजी. 'रांजणगाव एमआयडीसीत आग' हे शीर्षक दोन जिल्ह्यांतल्या कामगारांच्या घरी एकाच वेळी धडकी भरवते. रात्रपाळीला गेलेल्या माणसाचा फोन लागत नसेल तर ती धडकी तासभर टिकते.

त्यात आपले लेखन. 'शिरूर' आणि 'शिरुर'. डोळ्याला फरक एका उकाराचा, संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द. टॅगचा रकाना मोकळा ठेवला की एकाच गावाचे दोन टॅग तयार होतात आणि निम्म्या बातम्या एकात, निम्म्या दुसऱ्यात जातात.

रेल्वेने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. दौंडला दोन स्थानके आहेत, दौंड जंक्शन आणि दौंड कॉर्ड लाइन. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या काही गाड्या जंक्शनला न जाता कॉर्ड लाइनवरून जातात. प्रवाशांचा गोंधळ होतो, यंत्रणेचा होत नाही, कारण तिच्या लेखी एक 'डीडी' आहे आणि दुसरे 'डीडीसीसी'. नाव माणसांसाठी, कोड यंत्रणेसाठी.

बातमीलाही हेच करता येते. २०११ च्या जनगणनेत पुण्याचा कोड ५२१, बीडचा ५२३ आणि लातूरचा ५२४ आहे. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत तर गावागावाला कोड आहे आणि ती यादी खुली आहे. स्थळाचा रकाना हाताने लिहायचा न ठेवता या यादीतून निवडायचा ठेवला, की 'शिरूर' टाइप केल्यावर सिस्टीमच विचारते, कोणते? आणखी एक फायदा परवापरवाचा. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले तेव्हा ज्यांच्याकडे जिल्हा कोडने साठवला होता त्यांनी नाव एका जागी बदलले. ज्यांनी ते प्रत्येक बातमीत हाताने लिहिले होते, त्यांच्याकडे आजही एकाच जिल्ह्याची दोन दप्तरे आहेत.

वेळेचा रकाना सर्वांत महत्त्वाचा

पावसाळ्यात उजनीच्या बातम्या वाचणाऱ्यांना 'दौंड येथून इतका विसर्ग' ही ओळ पाठ असते. खडकवासल्यातून मुठेत सोडलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळते, काही तासांनी दौंडला येते, आणि तिथे मोजलेल्या आकड्यावरून उजनीत किती पाणी येणार याचा अंदाज बांधतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. नदीकाठच्या शेतकऱ्यासाठी हा आकडा म्हणजे मोटर काढायची की राहू द्यायची, जनावरे हलवायची की नाही, याचा निर्णय असतो.

आता हा आकडा सकाळी ६ चा आहे की संध्याकाळी ६ चा? चांगल्या रचनेत आकडा, एकक, ठिकाण आणि मोजणीची वेळ हे चार वेगळे रकाने असतात. आकडा बदलला की अॅप, वेबसाइट, पट्टी सगळीकडे तो वेळेसह बदलतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तो परिच्छेदात गाडलेला असतो आणि वेळ लिहायची राहून जाते.

नोटिफिकेशनचे त्याहून वाईट. एकदा गेले की त्याच्या मजकुराला हात लावणे अवघड. अँड्रॉइड फोनवर ती पाठवण्यासाठी गूगलची फायरबेस ही सेवा सर्रास वापरली जाते. फोन बंद असेल किंवा रेंज नसेल तर ती निरोप धरून ठेवते. किती वेळ? पाठवणाऱ्याने मुदत दिली नाही तर चार आठवड्यांपर्यंत. पुराच्या वेळी वीज जाते, टॉवर बंद पडतात, फोनची बॅटरी संपते. दोन दिवसांनी फोन सुरू होतो आणि परवाचा इशारा आज आल्यासारखा वाजतो. किंवा त्याहून वाईट, परवाचे 'विसर्ग घटला' आज वाजते आणि आज पाणी वाढलेले असते. हे टाळायला एकच रकाना भरावा लागतो : कधीपर्यंत वैध. पुराच्या इशाऱ्याला सहा तास, वाहतूककोंडीला दोन, आणि भरतीच्या बातमीला अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत.

या एका रकान्यासाठी मी डेस्कवर सर्वांत जास्त वाद घातले आहेत.

बिबट्याच्या बातम्यांत हाच प्रश्न उलटा येतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले, लोक रस्त्यावर उतरले. उसाच्या पट्ट्यातल्या आईबापांसाठी बिबट्याची प्रत्येक बातमी म्हणजे मुलाला उद्या शाळेत एकटे पाठवायचे का, हा प्रश्न. अशा वेळी दोन-तीन वर्षांपूर्वीची लिंक ग्रुपवर पुन्हा फिरू लागते. व्हॉट्सअॅप लिंकखाली शीर्षक, फोटो आणि वेबसाइटचे नाव दाखवते. तारीख दाखवत नाही. उघडून बघणारे थोडेच. गार्डियनने यावर २०१९ मध्ये साधा उपाय केला : बातमी जुनी असेल तर शेअर होणाऱ्या फोटोवरच तिचे वर्ष छापायचे. हेडलेस सीएमएसमध्ये प्रसिद्धीची तारीख आधीच असते. ती फोटोवर उमटवणे हे एका डेव्हलपरचे दोन-चार दिवसांचे काम आहे. मराठी माध्यमांनी हे अजून मनावर घेतलेले नाही, आणि त्यात मी आम्हालाही धरतो.

वेळेच्या रकान्याशी खेळही होतो. जुन्या बातमीत एक स्वल्पविराम बदलायचा आणि 'अपडेटेड' आजचे करायचे, म्हणजे शोधात ती ताजी दिसते. गूगल असे करू नका म्हणते, तरी होते. बदल मोठा असेल तरच ही वेळ बदलावी, आणि काय बदलले ते एका ओळीत वाचकाला दिसावे.

फोटोचे थोडक्यात. कॅमेऱ्यातल्या फोटोत तारीख-वेळ असते, पण व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवला की ती पुसली जाते. आमच्याकडे तालुक्यातून येणारे बहुतेक फोटो याच वाटेने येतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर माहिती टिकते. ही सवय आधी लावायला हवी. फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला असेल तर तसे नोंदवायची जागा आयपीटीसी या वृत्तसंस्थांच्या मानकात आहे. बिबट्याची बनावट चित्रे पुण्याने पाहिली आहेत, त्यामुळे हा रकाना शोभेचा राहिलेला नाही.

मग सगळेच रकाने भरायचे का?

नाही. इथे माझे तंत्रज्ञ मित्र आणि मी वेगळे होतो. ते वीस रकान्यांचा फॉर्म बनवतात, सगळ्यांवर लाल चांदणी लावतात. तालुक्याचा बातमीदार दुचाकीवर बसून अंगठ्याने बातमी टाइप करतो. तो वीस रकाने भरणार नाही. उपसंपादकावर एका पाळीत इतक्या बातम्या असतात की तो जे पहिले दिसेल ते निवडेल. सक्ती वाढली की कचरा वाढतो. सर्वांत वाईट म्हणजे आधीच भरून ठेवलेला पर्याय. जिल्ह्याच्या रकान्यात 'पुणे' आपोआप येत असेल, तर कर्नाटकातली दरडही पुण्यात कोसळते.

सक्ती चारचीच असावी. जागा यादीतून, घटनेची वेळ, वैधता आणि माहिती कोणाकडून आली ते. बाकी विषय, टॅग, शोधासाठीचे शीर्षक, लिंकचा इंग्रजी अक्षरांतला पत्ता हे डेस्कने सवडीने करावे. पत्ता देवनागरीत ठेवला तर कॉपी करताना अनेकदा त्याची टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक रांग होते आणि लोक ती फसवणुकीची लिंक समजतात, एवढेच त्याचे महत्त्व.

आणि दुरुस्ती. छापील पेपरात दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात खुलासा यायचा. नोटिफिकेशन एखाद्या जिल्ह्याच्या किंवा विषयाच्या गटाला पाठवले असेल, तर त्याच गटाला दुरुस्ती पाठवायला दोन मिनिटे लागतात. मावशीला त्या दिवशी दुसरे नोटिफिकेशन आले नाही. संध्याकाळी मी तिला अंकोला नकाशावर कुठे आहे ते दाखवले. ती म्हणाली, "मग तसं लिहायला काय झालं होतं?"