गुणगौरव दहावीनंतर, मग पाचवीत कोण विचारतं?

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर अजिंठा लेणी पाहायला आलेल्या पर्यटकांना रंगीत दगड विकून अनेक घरं चालतात. आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा सुट्टीत अब्बांसोबत तिथे बसायचा. अपोफिलाइट कुठला, स्टिल्बाइट कुठला, हे तो नऊ वर्षांचा असताना नुसत्या आकारावरून सांगायचा. एकदा त्याने मला विचारलं, "भाईजान, या दगडाचे कोपरे दर वेळी सारखेच कसे निघतात?" मी बी.एस्सी. झालेला, पण उत्तर द्यायला मला पुस्तक उघडावं लागलं.

वर्गात असेच प्रश्न विचारले म्हणून त्याला गप्प बसवलं गेलं. घरी निरोप आला, मुलगा मस्तीखोर आहे. अब्बांनी त्यालाच रागावलं. त्यांचं तरी काय चुकलं? हुशार मूल कसं ओळखायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तो पाचवीत असताना जवाहर नवोदय विद्यालयाचा फॉर्म भरायचा राहून गेला. आपल्या जिल्ह्याचं नवोदय कन्नडला आहे. सहावी ते बारावी शिक्षण, राहणं, जेवण मोफत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. पण ही प्रवेश परीक्षा पाचवीत एकदाच देता येते. त्याच्या अब्बांना ती माहीतच नव्हती. मला माहीत होती आणि मी बोललो नाही. ही चूक माझी आहे.

हुशार मूल आपोआप वर येतं, असं आपण समजतो. ते खरं असतं तर १९६२ साली पुण्यात प्रज्ञावंत मुलांच्या शिक्षणासाठी ज्ञानप्रबोधिनी काढावीच लागली नसती. आपण मात्र दहावीचा निकाल लागला की गुणगौरव सोहळा घेतो, ट्रॉफी देतो, फोटो काढतो. तोपर्यंत कितीतरी मुलं मागे पडलेली असतात.

पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२ मध्ये बंद झाली. त्याविरुद्ध बोलायलाच हवं. पण जी दारं उघडी आहेत, त्यांतून तरी आपली मुलं आत जायला नकोत का? आठवीत एनएमएमएस परीक्षा असते. शासकीय, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांतली, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातली मुलं ती देऊ शकतात. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा उर्दू माध्यमातूनही देता येते.

काही अम्मी म्हणतात, "एवढ्या लहान पोराला हॉस्टेलला कसं धाडू?" मुलगी असेल तर काळजी दुप्पट. या भीतीवर हसू नका. त्यांना एकदा शाळा दाखवून आणा, तिथे शिकलेल्या मुलांच्या घरच्यांशी गाठ घालून द्या. मग निर्णय त्यांचा.

आपल्यापैकी जो कुणी बारावीच्या पुढे गेला आहे, त्याने आपल्या मोहल्ल्यातली पाचवी आणि आठवीची मुलं मोजावीत. फॉर्मच्या तारखा मशिदीच्या फलकावर लावाव्यात. आधार, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून द्यावा. यासाठी संस्था नोंदवावी लागत नाही.

तो मुलगा आता सातवीत आहे. पुढच्या वर्षी एनएमएमएस. दर रविवारी फजरनंतर तो माझ्याकडे गणितं घेऊन येतो. सोबत आणखी चौघं येतात, त्यात दोन मुली आहेत.