माईक कुणाच्या बापाचा?

गेली अठरा वर्षं मी कबड्डीच्या मैदानावर माईक धरतो. नायगाव, डिलाईल रोड, वरळी, कुर्ला. मंडळ बोलावेल तिथं. चौदा एप्रिलच्या आगंमागं तर रोज रात्री. बिदागी म्हंजे नारळ, शाल आणि कधीमधी पाचशेची नोट. दोन कर्णे, एक खरखरणारा ॲम्प्लिफायर, समोर हजार-दोन हजार माणूस. चढाईवाला मध्यरेषा ओलांडतो आणि त्याच्या दमाबरोबर माझा दम सुरू होतो. पोरं म्हणतात, भाऊ, तुम्ही बोलत नसला की मॅच मुकी वाटते.

ही फुशारकी नाही. पुढचं ऐका.

२०१४ साली प्रो कबड्डी टीव्हीवर आली. ज्या खेळाला पांढरपेशे नाकं मुरडत होते तो एका रात्रीत चकचकीत झाला. मातीची मॅट झाली. घामाला भाव आला. मलाही हुरूप चढला. पुढं एका वाहिनीनं मराठी समालोचक पाहिजेत म्हणून चाचणी ठेवली. मी गेलो. टेबलापलीकडच्या साहेबांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि दोन प्रश्न टाकले. पहिला : ‘कुठल्या लेव्हलपर्यंत खेळलात?’ दुसरा : ‘न आणि ण जरा गडबडतो तुमचा. घरी कुठली भाषा बोलता?’

घरी मराठीच बोलतो साहेब, तुमच्याइतकीच जुनी. पण हे मी तिथं बोललो नाही. तिथं मान डोलावली, थँक्यू म्हणालो आणि बाहेर आलो. उत्तर सुचलं ते दादर स्टेशनच्या पुलावर, गर्दीत ढकलला जात असताना. त्या पुलावर सुचलेलं इथं मांडतोय.

दोस्तांनो, हे दोन प्रश्न एका माणसाला अमेरिकेत जन्मभर विचारले गेले. त्याचं नाव हॉवर्ड कोसेल. जन्म १९१८, मरण १९९५. जातीनं ज्यू. मूळ आडनाव कोहेन, ते त्यानं कॉलेजात असताना बदललं. आडनाव बदलण्याचं दुखणं काय असतं ते आपल्या वस्तीत कुणाला समजावून सांगायला नको. वाढला ब्रुकलिनमध्ये. शिकला वकिली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात मेजर झाला. मग वकिली सोडून रेडिओवर आणि टीव्हीवर खेळांबद्दल बोलू लागला. आवाज नाकातला, हेल ब्रुकलिनचा, डोक्यावर केसांचा टोप. देखणा नाही. खेळाडू तर अजिबात नाही. ‘मी तो खेळ कधी खेळलोच नाही’ अशा अर्थाचं नाव त्यानं १९८५ साली आपल्या पुस्तकाला दिलं. म्हंजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यानं मुखपृष्ठावरच छापून टाकलं! आणि असा माणूस १९७० ते १९८३ दर मोसमात सोमवारच्या रात्री फुटबॉलच्या सामन्यात बोलायचा आणि अख्खी अमेरिका ऐकायची. निम्मी लोकं त्याला शिव्या देण्यासाठी ऐकायची, पण ऐकायची.

याचं आपल्याला काय? आहे. १९७२ साली याच मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव कुठून आलं? अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरकडून. त्यांची लढाई आपण आपली मानली. मग त्या लढाईत माईक कुणाच्या हातात होता आणि त्याचं त्यानं काय केलं, हेही बघायला पाहिजे.

२८ एप्रिल १९६७. मुहम्मद अलीनं व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. खटला उभा राहायच्या आधीच मुष्टियुद्धवाल्यांनी त्याचं जगज्जेतेपद काढून घेतलं, परवाना काढून घेतला. तेव्हा बरेच बातमीदार त्याला अली म्हणायलाच तयार नव्हते. मालकानं ठेवलेलं जुनं नाव, क्ले, तेच ओरडत होते. कोसेल त्याला अली म्हणाला. माणूस स्वतःला ज्या नावानं हाक मारतो त्या नावानं त्याला बोलवायचं, इतकी साधी गोष्ट. पण ही साधी गोष्ट किती लोकांना जमत नाही, ते १९५६ नंतर आपण बघितलंय. धम्म घेतला, नाव घेतलं, तरी समोरचा जुनीच जात तोंडावर फेकतो.

कोसेल वकील होता. तो म्हणाला, गुन्हा शाबीत होण्याआधी माणसाची रोजी हिरावणं घटनेच्या विरुद्ध आहे. खेळाच्या कार्यक्रमात घटना! अलीच्या उमेदीची साडेतीन वर्षं रिंगणाबाहेर गेली. २८ जून १९७१ रोजी सुप्रीम कोर्टानं त्याची शिक्षा रद्द केली. गेलेली वर्षं कुठल्याच कोर्टाला परत देता आली नाहीत.

मग १६ ऑक्टोबर १९६८. मेक्सिको ऑलिंपिक, २०० मीटर. टॉमी स्मिथ १९.८३ सेकंदांत पहिला, नवा विश्वविक्रम. जॉन कार्लोस तिसरा. दोघं चौथऱ्यावर चढले ते बुटांशिवाय, काळ्या मोज्यांवर. राष्ट्रगीत सुरू झालं, दोघांनी माना खाली घातल्या आणि काळ्या हातमोज्यातली एकेक मूठ आभाळात. दुसरा आलेला ऑस्ट्रेलियाचा गोरा पीटर नॉर्मन, त्यानंही मानवी हक्कांचा तोच बिल्ला छातीवर लावला होता. ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष एव्हरी ब्रुंडेज खवळला. खेळात राजकारण चालणार नाही म्हणाला. दोघांना संघातून काढून घरी धाडलं. हाच ब्रुंडेज १९३६ साली हिटलरच्या बर्लिनमध्ये अमेरिकेचा संघ गेलाच पाहिजे म्हणून अडून बसला होता. तेव्हाच्या नाझी सलामीत त्याला राजकारण दिसलं नाही. आपली मूठ वर गेली की राजकारण, त्यांचा हात वर गेला की शिष्टाचार. हे गणित आपल्याला तोंडपाठ आहे.

त्या दिवसांत ब्रेंट मस्बर्गर नावाच्या शिकागोच्या एका तरुण बातमीदारानं या दोघांना काळ्या कातडीचे हिटलरी शिपाई ठरवलं. कोसेलनं काय केलं? त्यानं टॉमी स्मिथपुढं माईक धरला आणि विचारलं, हे कशासाठी? स्मिथनं सांगितलं : उजवी मूठ काळ्यांच्या ताकदीची, डावी एकजुटीची, बुटांशिवायचे मोजे आमच्या दारिद्र्याचे. देशानं ते त्याच्या तोंडून ऐकलं. मस्बर्गर पुढं टीव्हीवरचा बडा समालोचक झाला. स्मिथ आणि कार्लोस कामधंद्यासाठी वणवणले. आता सांगा, या धंद्यात बढती कशानं मिळते?

इथवर वाचून कोसेलच्या गळ्यात हार घालू नका. मीही घातला होता, नंतर काढला.

एक तर, किंमत कुणी मोजली? अलीनं पदवी गमावली, स्मिथनं रोजी गमावली. कोसेलला शिव्यांची पत्रं आली, पण नोकरी टिकली, नाव वाढलं. १९७६ ला अमेरिकी सिनेटची निवडणूक लढवावी, हाही विचार त्याच्या डोक्यात येऊन गेला. दुसऱ्याच्या जखमेशेजारी उभं राहून मोठं होता येतं. उभा राहिला हे खरं. जखम त्याची नव्हती हेही खरं.

दुसरं, धंद्यात कुणाला घ्यायचं याबद्दलचं त्याचं मत. निवृत्त खेळाडूंना केवळ ते खेळले म्हणून समालोचक करतात, त्यांना बातमीदारी येत नाही, प्रश्न विचारता येत नाहीत, मालक लोकांशी त्यांचं साटंलोटं असतं. या खेळाडूशाहीवर तो तुटून पडला. निम्मं पटतं मला. आपल्याकडं क्रिकेटच्या खोलीत बसून माजी खेळाडू काय बोलतात? चेंडूबद्दल सगळं, मंडळाबद्दल अवाक्षर नाही. ज्याच्या हातून पाकीट घ्यायचं त्याच्यावर बोट कोण दाखवणार? पण उरलेलं निम्मं पटत नाही. कोसेलला कायद्याची पदवी होती म्हणून तो न खेळताही आत शिरला. ज्या काळ्या पोराला ना कॉलेज होतं ना ओळख, त्याच्याकडं एक शरीर होतं. धावून, ठोसे खाऊन तो त्या दारापर्यंत पोचला. ते दारही बंद करायचं तर त्यानं जायचं कुठं? खेळलास का, हा प्रश्न चाळणी आहे. शिकलास का, हीसुद्धा चाळणीच. चाळणी कुणाच्या हातात आहे ते आधी विचारा.

तिसरी गोष्ट सगळ्यात कडू. ५ सप्टेंबर १९८३. सामना सुरू असताना ॲल्विन गॅरेट या काळ्या खेळाडूला कोसेल कौतुकानं ‘छोटं माकड’ म्हणून बसला. गहजब झाला. काळ्यांचे पुढारी जोसेफ लाउरी यांनी माफी मागायला सांगितलं. कोसेलनं नाही मागितली. म्हणाला, माझ्या नातवालाही मी असंच म्हणतो. बाजू घेणाऱ्यांनी अलीच्या वेळचा जुना जमाखर्च काढला. गॅरेटनंही म्हणे मनावर घेतलं नाही. त्या मोसमानंतर सोमवारच्या माईकवरून कोसेल गेला.

मी कोसेलला जातीयवादी म्हणणार नाही. पण जुन्या पावत्या दाखवून नवा हिशोब मिटत नसतो. तुझ्या बाजूनं लढलो म्हणून तुला काहीही म्हणायचा हक्क मिळाला, असं ज्याला वाटतं, तो दोस्त राहत नाही, सावकार होतो.

आता माझं सांगतो. तीन-चार वर्षांपूर्वी महिला गटाचा सामना. एक अंगानं भरलेली मुलगी चढाईला गेली, तिघींना झटकून परत आली. मी माईकवर ओरडलो, ‘आला रोडरोलर! बाजूला व्हा!’ मैदान हसलं. मलाही बरं वाटलं. मॅच संपल्यावर ती समोर आली. घामानं निथळत होती. म्हणाली, ‘दादा, मी तीन गडी मारून लोण दिला. तुम्ही माझं नाव एकदाही घेतलं नाही.’ मी काय म्हणालो असेन? म्हणालो, ‘अगं, महिला गट सुरू व्हावा म्हणून मंडळाशी भांडलो कोण? मीच ना?’ पावती काढली मी. कोसेलची पावती. ती काही बोलली नाही. माईककडं बघितलं आणि निघून गेली.

पुढच्या वर्षी मी तिच्या हातात माईक दिला, पुरुषांच्या अंतिम सामन्याला. पहिली दहा मिनिटं पोरांनी शिट्ट्या मारल्या. ती अडखळली. गुण चुकला, दुरुस्त केला. मध्यंतरानंतर शिट्ट्या थांबल्या. अजून ती माझ्यापेक्षा जास्त चुकते. मी अठरा वर्षांपूर्वी तिच्यापेक्षा जास्त चुकत होतो.

आणि एक इतिहास, घरचा. पळवणकर बाळू. चर्मकाराचा पोर, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखायचा. डाव्या हातानं असा चेंडू वळवायचा की हिंदूंच्या संघाला त्याला घ्यावंच लागलं. मैदानात त्याचा चेंडू चालत होता, चहाला मात्र मडकं वेगळं आणि जागा बाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. कप्तानपद? नाही. १९२० साली विठ्ठल आणि शिवराम या त्याच्या भावांनी अन्यायाविरुद्ध संघातून अंग काढून घेतलं. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाला. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं बाळूला उभं केलं ते कुणासमोर? बाबासाहेबांसमोर. बाबासाहेब निवडून आले. ज्यांनी कप्तानपद दिलं नाही, त्यांच्याच थरातल्या लोकांना मतं मागताना बाळू आठवला. खेळात राजकारण नको म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

हे आज आपल्याला इतक्या तपशिलानं कळतं, त्याचं मोठं कारण विठ्ठल. त्यानं मराठीत आत्मचरित्र लिहिलं, ‘माझे क्रीडा-जीवन’, १९४८. कुणा कनवाळू कोसेलची वाट बघत बसला नाही.

तेव्हा साहेब, पुलावर सुचलेलं उत्तर घ्या. किती लेव्हल खेळलो? चाळीच्या चौकात, उघड्या पायानं, काचा लागेपर्यंत. न आणि ण? तुमचे कान दुरुस्त करून घ्या. पण हे माझ्यापुरतं झालं.

पोरांनो, तुम्ही नुसता राग घेऊन जाऊ नका. नियम पाठ करा. वही ठेवा, कोण खेळलं, किती गुण, कुठल्या मंडळाचा, कुठल्या वस्तीचा. कायदा वाचा, कोसेलकडून घेण्यासारखं तेवढं नक्की आहे. आपल्या खेळाडूचं नाव पूर्ण घ्या, स्वच्छ घ्या. आणि माईक हातात आला की आजूबाजूला बघा, कुणाच्या हातात तो अजून गेलाच नाही.

येत्या चौदा एप्रिलला आमच्या मैदानावर या. माईक चालू असेल. बोलेल कोण, ते तिथंच ठरवू.