किनाऱ्यावरची घरे कोणासाठी?

२०२० मध्ये मांडव्याची रो-रो सेवा सुरू झाली, २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि अलिबाग मुंबईच्या अंगणात आले. या प्रगतीचे स्वागतच आहे. परंतु सुटीपुरते उघडणारे बंगले म्हणजे नगर नव्हे.

निवास, व्यवसाय आणि बाजार एकत्र नांदवणारी 'मिश्र वापराची' वसाहत ही पाश्चात्त्यांची नवी देणगी मानली जाते. वास्तविक पुढे दुकान, मागे माजघर, परसात विहीर व नारळी-पोफळीची वाडी ही रचना कोकणाच्या अंगवळणी पडलेली आहे. नियोजनकारांनी ती आधी अभ्यासावी.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्याची दैना केली. कांदळवने आणि वाळूच्या टेकड्या राखणे ही चैन नव्हे, ती तटबंदी आहे. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणण्याची मुभा दिली. मुभा वाढली, तशी जबाबदारीही वाढली. उपसा वाढला की गोड्या विहिरी खारावतात. म्हणून पर्जन्यजलसंचय आणि सांडपाण्यावरील प्रक्रिया यांची सोय झाल्याविना एकही आराखडा मंजूर होऊ नये. कोळी बांधवांची मासळी वाळवण्याची जागा नकाशात प्रथम आखली जावी. तळमजल्यावरील गाळ्यांत भूमिपुत्रांना अग्रक्रम मिळावा.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. व्यक्ती, समाज आणि सृष्टी यांचा मेळ हे त्याचे सार. भूमिपुत्रच जिथे उपरा ठरतो, तो विकास कोणत्या कसोटीवर उतरेल? स्थानिक कार्यकर्त्यांनी विकास आराखड्यावरील हरकती-सूचनांच्या मुदतीतच हा प्रश्न विचारला पाहिजे. इमारती उभ्या राहिल्यावर नव्हे.