दोन शिवाजी आणि आमच्या घरचं बारसं

गेल्या महिन्यात एका सरकारी खिडकीवर आमच्या दादाला सांगण्यात आलं की तो १९८९ सालीच वारला आहे.

दादा शांत माणूस. त्याने आधार कार्ड पुढे सरकवलं. आतल्या गृहस्थांनी ते वाचलं, समोरच्या फेरफारातलं नाव वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे की ओ. दत्तात्रय विठ्ठल. मयत."

भानगड अशी आहे की आमच्या आजोबांचं नाव दत्तात्रय, त्यांच्या वडिलांचं विठ्ठल. आजोबांनी मुलाला, म्हणजे आमच्या बाबांना, आपल्या वडिलांचं नाव दिलं. आजोबा गेल्यावर तीन वर्षांनी दादा झाला, त्याला आजोबांचं नाव मिळालं. म्हणजे नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं अक्षरन् अक्षर तेच. एक पिढी सोडून तोच रेकॉर्ड पुन्हा. मी डेटाबेसवर काम करतो. आमच्याकडे कुणी नावाला प्रायमरी की केलं तर त्याला टीममधली पोरं आठवडाभर पिडतील. पण आमच्या घराण्याने चार पिढ्या तेच केलंय आणि वर त्याला संस्कार म्हटलंय :-)

बाबा गेल्या वर्षी गेले. या महिन्यात दादाला मुलगा झाला. पुढच्या रविवारी बारसं. आईचं म्हणणं एकच, "त्यांचं नाव ठेवा." वहिनीने काहीतरी दोन अक्षरी, छान नाव शोधून ठेवलंय. दादा दोघींच्या मध्ये बसून नुसती शेंगाची चटणी खातोय. आणि मी शुक्रवारच्या हुतात्माने पुण्याहून आलो की दोन्ही पार्ट्या माझं मत विचारतात. ते मत तयार व्हायला इतिहास कारणीभूत झाला, म्हणून हा लेख.

शनिवारी डोकं शांत करायला माचणूरला गेलो. सोलापूरहून मंगळवेढ्याच्या रस्त्याला चाळीसेक किलोमीटर. भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं देऊळ, खाली नदीत उतरणारा घाट, आणि शेजारी औरंगजेबाचा किल्ला. आपण सोलापूरकर तिथे जातो, दर्शन घेतो, नदीचा फोटो काढतो आणि परत येतो. पण १६९५ ते १६९९ या काळात हिंदुस्थानच्या बादशहाची मुख्य छावणी इथे, ब्रह्मपुरीला होती. म्हणजे त्या चार वर्षांत दिल्लीपेक्षा मंगळवेढा तालुक्याला जास्त महत्त्व होतं म्हणा ना!

त्या बादशाही छावणीच्या कैदेत एक मराठा मुलगा वाढत होता. १६८२ साली कोकणात माणगावजवळ गांगवलीला जन्मलेला. वडील संभाजी महाराज, आई येसूबाई. वडिलांना १६८९ च्या मार्चमध्ये मारलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड पडला आणि सात वर्षांचा हा मुलगा आईसकट मुघलांच्या हाती लागला. त्याचं जन्मनाव होतं शिवाजी. आजोबांचं नाव, आमच्या दादासारखंच. छावणीत त्याला शाहू म्हणू लागले. ते नाव कसं पडलं याच्या दोन-तीन आख्यायिका आहेत, त्यात शिरत नाही. पण इतिहासात तो शाहू म्हणूनच राहिला.

आता गंमत बघा. (गंमत म्हणायचं आपल्याला, त्यांच्यासाठी ती गंमत नव्हती.) हा शिवाजी कैदेत असताना १६९६ साली त्याच्या काकांना, राजाराम महाराजांना, ताराबाईंपासून मुलगा झाला. त्याचंही नाव ठेवलं शिवाजी. घरात त्या नावाचा एक मुलगा आधीच होता, जिवंत होता, गादीचा वारस होता. तरी ठेवलं. १७०० च्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि ताराबाईंनी या चार वर्षांच्या शिवाजीला गादीवर बसवून पुढची सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली. ताराबाईंचं कर्तृत्व अफाट होतं, त्याबद्दल वाद नाही. पण मला वाटतं की ते नाव नुसतं प्रेमाने ठेवलेलं नव्हतं. शिवाजी हे नाव म्हणजे तोवर एक दावा झालेला होता.

१७०७ साली औरंगजेब नगरला मेला. आझमशहाने शाहूला सोडलं आणि येसूबाईंना मात्र ओलीस ठेवून घेतलं. त्या थेट १७१९ ला परत आल्या. अठरा वर्षांच्या कैदेनंतर पंचविशीचा तरुण घरी निघाला, तर घरच्यांनी काय म्हणावं? ताराबाईंनी जाहीर केलं की हा तोतया आहे. आमच्या दादाला खिडकीवर जे ऐकावं लागलं, तेच. खरा गेला, हा कुणीतरी दुसराच आहे!

ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला, दोघांच्या फौजा समोरासमोर आल्या. एका बाजूला शिवाजी महाराजांचा नातू शिवाजी, दुसऱ्या बाजूलाही शिवाजी महाराजांचा नातू शिवाजी. धनाजी जाधव शाहूला येऊन मिळाले आणि निकाल लागला. लढाई भीमेच्या काठी झाली. तीच भीमा पुढे माचणूरच्या घाटाला लागते. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला.

शाळेत 'छत्रपती शाहू आणि ताराबाई यांच्यातील संघर्ष' या नावाने आपण हे पाठ केलं, आणि गुण मिळवले. पण ताराबाईंच्या बाजूच्या त्या अकरा वर्षांच्या मुलाचं नाव किती जणांना आठवतं? माझ्या ऑफिसातल्या मराठी ग्रुपवर मी विचारलं. सहा जणांत एकालाही आलं नाही. त्या मुलाचं पुढे काय झालं? १७१४ साली पन्हाळ्यावर सत्तांतर झालं, सावत्र भावाला गादीवर बसवलं, आणि याला आईसकट कैदेत टाकलं. १७२६ साली तो तिथेच वारला. वय तीस. त्यातली चौदा वर्षं राजा आणि बारा वर्षं कैदी. काही जुन्या इतिहासांत त्याला मंदबुद्धी म्हणून एका ओळीत निकालात काढलंय. एवढं मोठं नाव, आणि त्याच्या स्वतःबद्दल आपल्याकडे एक ओळ.

बरं, तो सावत्र भाऊ कोण? संभाजी. म्हणजे शाहूंच्या वडिलांचं नाव, आणि पुढे सतरा वर्षं शाहूंचा वैरी. १७३१ साली वारणेचा तह झाला तेव्हा कुठे सातारा आणि कोल्हापूर वेगळे झाले.

यापुढे कोल्हापुरात शिवाजी येतच राहिले. त्यातल्या एकाशी आपला संबंध सगळ्यात जवळचा, आणि तोच आपण सगळ्यात जास्त विसरलोय. आगरकरांचं 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' माहीत असतं. टिळक आणि आगरकर १८८२ साली तुरुंगात गेले ते 'कोल्हापूर प्रकरणा'त, हेही माहीत असतं. प्रकरण होतं तिथल्या तरुण महाराजांच्या छळाचं. त्यांना वेडे ठरवून ठेवलं होतं. केसरी आणि मराठात त्यावर लिहिलं म्हणून अब्रुनुकसानीचा खटला झाला. त्या महाराजांचं नाव शिवाजी. लहानपणी दत्तक आलेले, जन्मनाव नारायणराव. २५ डिसेंबर १८८३ ला नगरच्या किल्ल्यात, गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर, विसाव्या वर्षी ते वारले. संपादक लक्षात राहिले, तुरुंगातले दिवस मोजून लक्षात राहिले, पण ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो राजा 'कोल्हापूर प्रकरण' होऊन बसला. काही याद्यांत ते चौथे शिवाजी असतात, काहींत त्याहून मोठा आकडा लागतो, कारण मोजायला थोरल्या महाराजांपासून सुरुवात करायची की कोल्हापूरपासून, यावर एकमत नाही. आणि हे आकडे आपण मागाहून लावलेले. त्यातल्या कुणीच स्वतःला 'चौथा' म्हणून आरशात पाहिलं नसेल.

त्यांच्यानंतर १८८४ साली कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव दत्तक घेतला आणि नाव ठेवलं शाहू. ज्या शाहूंशी कोल्हापूरच्या गादीने उभा दावा मांडला, त्यांचंच नाव! इथे मात्र उलटं झालं. १९०२ साली मागासलेल्या समाजांसाठी पन्नास टक्के जागा राखणारा हा राजा इतका मोठा झाला की आज शाहू महाराज म्हटलं की आधी तेच आठवतात, आणि साताऱ्याच्या शाहूंना 'थोरले' म्हणून वेगळं दाखवावं लागतं. (थोरले शाहू जन्मले माणगावजवळ, राजर्षी शाहू आणि बाबासाहेबांची १९२० ची परिषदही माणगावला. पण हे माणगाव वेगळं, कोल्हापूरकडचं. डुप्लिकेट रेकॉर्ड फक्त माणसांचेच असतात असं नाही.)

आणि सगळ्यात चटका लावणारी गोष्ट १९४० च्या दशकातली. राजर्षींचे चिरंजीव राजाराम महाराज १९४० साली वारले. त्यांच्या राणीचं नाव ताराबाई. त्यांनी दत्तक घेतलेल्या तान्ह्या मुलाचं नाव ठेवलं शिवाजी. राजाराम गेले, मागे ताराबाई, गादीवर छोटा शिवाजी. अडीचशे वर्षांनी तोच सीन, त्याच नावांनी. हा शिवाजी १९४६ साली, वयाची पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत गेला. त्या मुलाने काय केलं असेल हो? खेळला असेल, पडला असेल, रडला असेल. आपल्याकडे मात्र त्याचा फक्त क्रमांक आहे.

यावर कुणी म्हणेल की नाव ही आठवण असते, प्रेरणा असते. असेलही. पण मला दिसतं ते असं की नाव ठेवणारा मागे बघत असतो आणि ते ओढायचं काम पुढच्याला लागतं. थोरले शाहू या बाबतीत मला फार शहाणे वाटतात. १७०७ साली परत येताना पारद गावच्या पाटलाशी लढाई झाली. पाटील मारला गेला, त्याच्या बायकोने आपलं मूल शाहूंच्या पायावर घातलं. शाहूंनी ते पोर आपलं मानलं. राणोजी लोखंडे त्याचं नाव. शाहूंनी त्याला ना शिवाजी केलं, ना संभाजी. पहिली फत्ते झाली म्हणून नाव दिलं फत्तेसिंह. आपल्या अक्कलकोट संस्थानाचे मूळपुरुष ते हेच. ज्याने स्वतः आजोबांचं नाव घेऊन कैद भोगली, त्याने मानलेल्या मुलाला कोरं नाव दिलं! (पुढे अक्कलकोटकरांनी शहाजी, मालोजी आणि पुन्हा फत्तेसिंह असंच फिरवत ठेवलं, ते सोडा.)

तर माझं मत वहिनीच्या बाजूने पडलं. रात्री जेवताना मी ते सांगितलं. इतिहासही सांगितला, थोडा जास्तच. आई काही बोलली नाही. मग मी माझ्या मते हुकमाचा पत्ता टाकला. म्हटलं, "आई, तू बाबांचं नाव आयुष्यात एकदाही घेतलं नाहीस. आजीनेही आजोबांचं घेतलं नाही, म्हणून तर दत्तात्रयाचा बंडू झाला. या पोराला तू हाक कशी मारणार?"

आई भाकरी मोडत होती. म्हणाली, "म्हणून तर ठेवा म्हणते. कुणीतरी घरात ते नाव मोठ्यानं घेईल की. मला ऐकायचंय."

दादाने चटणीचा डबा बंद केला. बारसं रविवारी आहे, आणि नाव अजून ठरलेलं नाही.